एका शिंप्याची लीनता

नम्रता या विषयावर कामगार संघटनेचा माणूस बोलणार हे पत्रिकेत वाचून तुमच्यापैकी काहींना हसू आले असेल. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. आमचा धंदा मागण्या करण्याचा. आमच्या कामगाराच्या वाट्याला 'नम्र' हा शब्द येतो तो अर्जाच्या शेवटी, उजव्या कोपऱ्यात: 'आपला नम्र'. त्याखाली सही, नाही तर अंगठा. असे शेकडो अर्ज मी लोकांना लिहून दिले आहेत, आणि तेवढा शब्द लिहिताना दरवेळी माझा हात अडखळला आहे. एकदा वाटाघाटीला बसलो असता एका व्यवस्थापकांनी मला सुनावले की, तुमची माणसे पूर्वी फार नम्र होती, तुम्ही पुढाऱ्यांनी ती बिघडवली. पूर्वी म्हणजे कधी, असे मी विचारले. उत्तर आले नाही. ते मला ठाऊक होते. हजेरीपटावर त्यांची नावे नव्हती, तेव्हा.

म्हणून ख्रिस्ती धर्मात नम्रतेला, मराठी ख्रिस्ती मंडळींच्या शब्दांत लीनतेला, एवढे वरचे स्थान का, हे कोडे मला बरीच वर्षे होते. मी ख्रिस्ती नाही. शाळाही फार शिकलो नाही. जे काही वाचले ते गावोगावच्या वाचनालयांत आणि रात्रीच्या गाड्यांत. तेव्हा पंडिताच्या अधिकाराने मी बोलत नाही. एका माणसाची हकिगत सांगतो. ती वाचून माझे कोडे निदान अर्धे तरी सुटले.

आधी थोडी मागची पीठिका. ग्रीक आणि रोमन जगात लीन हा काही गौरवाचा शब्द नव्हता. तो खालच्याचा, दासाचा, ज्याला कोणी विचारत नाही अशाचा शब्द होता. ख्रिस्ती धर्माने तो उचलला आणि सद्गुणांत नेऊन बसवला. येशूने शेवटच्या रात्री कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतले. हे काम त्या काळी घरातल्या दासाचे. पौलाने फिलिप्पैच्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ताने स्वतःला रिक्त करून दासाचे रूप घेतले असे म्हटले आहे. म्हणजे मूळ चाल वरून खाली येण्याची. जो आधीच खाली आहे त्याने आणखी वाकावे, असा तिचा रोख नव्हता. पुढे मात्र उलट झाले. अमेरिकेतल्या मळ्यांवर आफ्रिकी गुलामांना जे धर्मोपदेश होत, त्यांत धन्याची आज्ञा पाळा हाच पाठ पुन्हा पुन्हा असे. लीनता कोण कोणाला शिकवतो आहे हे पाहिल्याशिवाय तिची पारख होत नाही, असे मी तेव्हापासून मानतो.

सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये जॉर्ज फॉक्स (१६२४–१६९१) या माणसाभोवती एक पंथ जमला. स्वतःला ते 'मित्र' म्हणवीत. लोक त्यांना क्वेकर म्हणू लागले. या पंथाची एक गोष्ट मराठी माणसाला चटकन कळेल. त्या काळच्या इंग्रजीतही आपल्यासारखे 'तू' आणि 'तुम्ही' होते, आणि थोरामोठ्यांना 'तुम्ही' म्हणण्याचा रिवाज होता. क्वेकर सगळ्यांनाच 'तू' म्हणत, न्यायाधीश असो की सरदार. कोणापुढे टोपी काढीत नसत. यापायी त्यांनी शिव्या खाल्ल्या, मार खाल्ला, तुरुंग पाहिले. आणि हीच मंडळी लीनतेची थोरवी गात! मला हे आधी विसंगत वाटले. मग ध्यानात आले की ज्याला ईश्वरापुढे खरोखर वाकायचे आहे त्याला माणसापुढे वाकण्याची सवय मोडावी लागते, आणि त्याहून अवघड म्हणजे, दुसऱ्याने आपल्यापुढे वाकावे ही अपेक्षाही सोडावी लागते. टोपी न काढणे सोपे. दुसऱ्याने काढली नाही म्हणून राग न येणे कठीण.

या पंथात १९ ऑक्टोबर १७२० रोजी जॉन वूलमन जन्मला. ठिकाण उत्तर अमेरिकेतील न्यू जर्सी ही इंग्रजांची वसाहत, बाप शेतकरी, घरात तेरा भावंडे. एकविसाव्या वर्षी तो माउंट हॉली या गावी एका दुकानदाराकडे नोकरीला लागला. हिशेब लिहायचा, दुकान सांभाळायचे. पुढे शिवणकामही शिकला. त्याने आपले आत्मवृत्त लिहून ठेवले आहे. ते १७७४ साली, त्याच्या मृत्यूनंतर छापले गेले. आजही ते इंग्रजीत सहज मिळते. भाषा इतकी साधी की माझ्यासारख्या शब्दकोश घेऊन वाचणाऱ्यालाही जमली.

बाविशी-तेविशीत असताना एके दिवशी मालकाने त्याला विक्रीखत लिहायला सांगितले. विकली जात होती घरातली एक आफ्रिकी गुलाम स्त्री. गिऱ्हाईक समोर उभे होते. विचार करायला सवड नव्हती. वूलमन मनातून हलला, पण आपण वर्षाचे नोकर, हुकूम मालकाचा, विकत घेणारा म्हातारा आपल्याच पंथातला, असे म्हणून त्याने खत लिहून दिले. लिहिताना एवढे मात्र तो दोघांच्या तोंडावर बोलला की, गुलाम ठेवणे ख्रिस्ती धर्माशी विसंगत आहे असे मला वाटते. बोलला, पण लिहिले. त्या स्त्रीचे नाव आत्मवृत्तात नाही.

मी पैजेने सांगतो, आपल्यापैकी बहुतेकांचे आयुष्य याच दोन क्रियापदांच्या मध्ये जाते. वूलमनचे वेगळेपण हे की तो तिथे थांबला नाही, आणि 'मी त्या वेळी विरोध नोंदवला होता' हे प्रमाणपत्र त्याने आयुष्यभर खिशात बाळगले नाही. उलट आपण तेव्हा स्पष्ट नकार दिला असता तर बरे होते, असेच त्याने लिहिले. काही काळाने दुसरा एक तरुण तसलेच खत लिहून घ्यायला आला, तेव्हा त्याने सौम्यपणे नाही म्हटले.

दस्तऐवज लिहिण्यात त्याला चार पैसे मिळत. मृत्युपत्रे त्याच्याकडे येत, आणि मृत्युपत्रात घर, जनावरे यांच्या ओळीत गुलामही असत. एकदा एका शेजाऱ्याला जबर मुका मार लागला. त्या काळच्या रीतीप्रमाणे रक्त काढायला त्याने वूलमनला बोलावले आणि मग मृत्युपत्र लिहायला सांगितले. माणूस वेदनेत होता, वाचतो की नाही याचा भरवसा नव्हता. वूलमनने सगळे लिहिले, फक्त गुलाम मुलगी कोणाला द्यायची तेवढी बाब सोडली. खाटेशी बसून वाचून दाखवले. म्हणाला, हे कलम माझ्याच्याने लिहवत नाही. जे लिहिले त्याचे पैसे मला नकोत. मग दोघे बराच वेळ बोलत बसले. शेवटी शेजारी तिला मोकळी करायला तयार झाला, आणि मृत्युपत्र पुरे झाले.

इथे उपदेश कमी आणि शुश्रूषा जास्त आहे. नकार आहे, पण नकार देणारा खाटेशी बसलेला आहे.

याच सुमारास त्याचे दुकान चालू लागले, आणि याचेच त्याला ओझे वाटू लागले. धंदा वाढला की मन त्यात गुंतते, मग गरजा वाढतात, गरजांसाठी आणखी धंदा. १७५६ साली त्याने गिऱ्हाइकांना सांगून टाकले की आता दुसरी दुकाने पाहून ठेवा. शिवणकाम तेवढे ठेवले, तेही हाताखाली उमेदवार न घेता, आणि सफरचंदाची रोपे. घरी बायको सारा आणि एक मुलगी. साराला हे सगळे कसे वाटले असेल याबद्दल तो फारसे लिहीत नाही, ही माझी त्याच्याविषयीची एक तक्रार आहे. थोरांच्या बायकांची मते इतिहासाला नेहमीच कमी मिळतात.

१७५७ साली तो दक्षिणेकडे, मेरीलँड आणि व्हर्जिनियाकडे, फिरला. क्वेकरांच्या घरी उतरायचे, आणि त्या घरी राबणारे गुलाम. म्हणजे पाहुणचार यजमानाचा, पण घाम दुसऱ्याचा. फुकट जेवलो तर आपणही या लुटीत वाटेकरी झालो, असे त्याला वाटले. म्हणून त्याने निघतानाच चांदीची सुटी नाणी जवळ घेतली होती. निरोप घेताना तो ती यजमानाच्या हाती देई, यांतून तुझ्या माणसांना दे. कधी थेट त्या माणसांनाच देई. कल्पना करून पहा. श्रीमंत यजमान दारात उभा आहे, आणि हा शिंपी त्याला जेवणाचे पैसे देऊ करतो आहे. या प्रसंगांचे आपल्याला भय वाटे, हे त्याने लपवलेले नाही.

१७५८ साली फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेत गुलामगिरीचा प्रश्न आला. काही म्हणाले, थांबू, ईश्वर वाट दाखवील. 'थांबू' हा शब्द आम्ही फार ऐकला आहे. वूलमन उठून बोलला, आणि गुलाम बाळगणाऱ्या सभासदांच्या घरोघर जाऊन त्यांच्याशी बोलायचे असे ठरले. त्यासाठी नेमलेल्या मंडळींत तो होता. पुढची काही वर्षे त्यात गेली. सभासद नोंदणीसाठी चाळीचाळींतून जिने चढलेल्या माणसालाच हे काम काय असते ते कळेल. एका घरात चहा, पुढच्या घरात दार बंद.

याच पंथात त्याच्या आधी बेंजामिन ले नावाचा माणूस होऊन गेला. उंची जेमतेम चार फूट, पाठीला बाक. १७३८ साली बर्लिंग्टनच्या सभेत तो झग्याखाली तलवार लपवून गेला. लाल रसाची पिशवी पोकळ पुस्तकात दडवली होती; ती त्याने भर सभेत तलवारीने भोसकली आणि गुलाम बाळगणाऱ्यांवर ते 'रक्त' उडवले. पंथाने त्याला काढून टाकले. मला, खरे सांगायचे तर, ले फार आवडतो. माझ्या तरुणपणीची भाषणे त्याच जातीची होती. ले नसता तर झोपलेले जागे झाले नसते, असेच मला वाटते. पण जागे झालेल्या माणसाला अंथरुणातून उठवून बाहेर आणायला वूलमन लागला. १७५८चा ठराव झाला तेव्हा ले जिवंत होता. १७५९ साली तो वारला.

आता त्या हकिगतीकडे येतो जिच्यामुळे मी वूलमनला विसरू शकलो नाही. गुलामगिरीविरुद्ध पुस्तक लिहिलेला, लोकांत नाव झालेला असा हा माणूस १७६९च्या सुमारास आपल्याच मागल्या हिशेबाकडे वळला. पूर्वी एका मृत्युपत्राचा व्यवस्थापक असताना त्याने एक काळा मुलगा तिसाव्या वर्षापर्यंतच्या चाकरीसाठी विकला होता. गोऱ्या मुलांची असली चाकरी एकविसाव्या वर्षी संपे. म्हणजे नऊ वर्षे जास्त. ही गोष्ट कोणी उकरून काढलेली नव्हती. त्यानेच काढली, आणि नुसती लाज मानून गप्प बसला नाही. त्या मुदतीतल्या शेवटच्या साडेचार वर्षांचा रास्त मोबदला आपण मालकाला भरू, असा लेखी बंधपत्राचा करार त्याने केला. ज्या हाताने विक्रीखत लिहिले त्याच हाताने आता स्वतःवर कर्जरोखा लिहिला.

माझ्या हिशेबातलेही एक पान सांगतो. काही वर्षांपूर्वी एका कारखान्यातल्या कंत्राटी सफाई कामगार बायकांसाठी मी मागणीपत्र तयार केले. उत्तम झाले होते, कायद्याची कलमे, महागाईचा तक्ता, सगळे. द्वारसभेत मोठ्याने वाचून दाखवले आणि टाळ्यांची वाट पाहिली. मागच्या रांगेतली एक बाई उभी राहिली. एरवी ती मला दादा म्हणे. त्या दिवशी म्हणाली, "साहेब, आमच्या मोरीला दार नाही. ते ह्यात कुठं आहे?" कुठेच नव्हते. मी त्यांना विचारलेच नव्हते. दार चौथ्या दिवशी बसले, कारण ते मागणीपत्राबाहेरचे साधे काम होते. पण 'साहेब' हा शब्द माझ्या कानात आजही तसाच आहे.

वूलमन विचारायला जात असे. १७६३ साली सीमेवर युद्ध पेटलेले असताना तो सस्क्वेहाना नदीकाठच्या वायालुसिंग या मूलनिवासी लोकांच्या गावी गेला. पावसात, डोंगरातून, पायी आणि घोड्यावर. जाण्याचे कारण त्याने लिहिले आहे: त्यांचे जगणे समजून घ्यावे, आणि जमल्यास त्यांच्याकडून काही शिकावे. धर्म सांगायला निघालेले पुष्कळ असतात, शिकायला निघालेला विरळा.

त्याचे सगळेच लोकांना पटत होते असे नाही. त्याने हळूहळू रंगवलेले कपडे सोडले. रंग मळ लपवतो आणि त्यापायी श्रम वाया जातात, हा त्याचा विचार. १७६२ साली त्याने नैसर्गिक रंगाची टोपी आणली. गंमत अशी की तेव्हा पांढऱ्या टोप्यांची फॅशन निघाली होती! नटवा झाला, असे काहींना वाटले. काही मित्र अंतर ठेवून वागू लागले. साधेपणासाठी केलेली गोष्ट नटणे ठरावी, याहून मोठी थट्टा कोणती? त्याने ती सोसली, टोपी बदलली नाही.

१७७० साली तो छातीच्या दुखण्याने मरणाच्या दारी गेला. त्या आजारात त्याला एक दर्शन घडले. काळपट रंगाचा एक मोठा ढीग, आणि तो ढीग म्हणजे अत्यंत हालात जगणारी माणसे. आपण त्यांत मिसळून गेलो आहोत, वेगळे असे आपण उरलोच नाही, असे त्याला दिसले. मग जॉन वूलमन मेला, असा आवाज त्याने ऐकला. त्यानंतर त्याला खाणी दिसल्या. तिथे पिचलेली माणसे ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांसाठी धन खणून काढीत होती, आणि ख्रिस्ताच्या नावाला शिव्या देत होती. कारण त्यांच्या दृष्टीने त्यांचा छळ करणारे त्याचेच लोक. बरा झाल्यावर त्याने अर्थ लावला: मेली ती आपली स्वतःची इच्छा. पुढे कोणी चांदीच्या भांड्यातून प्यायला दिले की त्याचे मन घेईना.

नम्रतेचा विषय निघाला की आपल्याकडे पुरातल्या लव्हाळ्याचा दाखला देतात. झाड मोडते, लव्हाळे वाकते म्हणून वाचते. दाखला खोटा नाही, पण ते जीव वाचवण्याचे वाकणे आहे. वूलमनचे वाकणे खाणीत उतरणाऱ्याचे आहे.

१७७२ साली तो इंग्लंडला निघाला. जहाजावरच्या वरच्या खोल्यांत कोरीव नक्षीकाम होते. त्याचे पैसे आपल्या भाड्यातून जायचे, म्हणून त्याने खालच्या तळात, खलाशांजवळ जागा घेतली. पाचसहा आठवडे कोंदट हवा, ओले कपडे, वादळात बंद झाकणे. खलाशी पोरांचे हाल त्याने जवळून पाहिले आणि लिहिले. ८ जून १७७२ रोजी लंडनला पोचून तो तडक तिथल्या वार्षिक सभेत गेला. त्याचा पांढुरका वेष पाहून त्याचे स्वागत थंड झाले, आणि आल्या पावली परत जा असे कोणी सुचवले, अशी आठवण सांगतात. तो रडला म्हणे. मग म्हणाला, मी कोणावर भार होणार नाही, मला शिवणकाम येते, काम द्या.

तिथून तो पायी उत्तरेकडे निघाला. घोडागाड्या इतक्या वेगाने हाकीत की घोडे मरत आणि टपालाची पोरे हिवाळ्याच्या रात्री गारठत. म्हणून गाडी नाही, आणि टपालाने पत्रही नाही. वाटेत तो काय करीत होता? भाव विचारीत होता. हे पान मी आमच्या कार्यकर्त्यांना वाचून दाखवतो. गहू बुशेलला ८ शिलिंग, राय ५ शिलिंग, मटण पौंडाला ३ ते ५ पेन्स. गरिबाचे घरभाडे वर्षाला २५ ते ४० शिलिंग. लंडनच्या बाजूला मजुराचा रोज १० पेन्स. सूत कातणाऱ्या बायकांना ४ पेन्सांपासून १० पेन्सांपर्यंत, जेवण आणि जागा ज्याची त्याची. शिलिंगाचे पेन्स १२. म्हणजे बुशेलभर गव्हाला, सुमारे २७ किलोंना, मजुराची साडेनऊ दिवसांहून जास्त मजुरी. धर्मप्रवासाला निघालेल्या माणसाच्या वहीत हा हिशेब आहे. लीनतेचा शेवट असा बाजारभावात होईल असे मला कधी वाटले नव्हते.

त्याच्यामागे १७७६ साली फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलाम बाळगणाऱ्याला पंथात जागा नाही असे ठरवले. हे एकट्या वूलमनचे काम नव्हे. अँथनी बेनेझेट होता, ले होता, आणि सर्वांआधी पळून जाणारे, बंड करणारे, मार खाऊनही न वाकणारे गुलाम स्वतः होते. देशभरची गुलामगिरी तर पुढे चार वर्षांच्या यादवी युद्धानंतर, १८६५ साली संपली. जोतिराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक ज्या अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केले, त्यांच्या फार मागच्या पिढीतला हा शिंपी. एका माणसाच्या लीनतेने बेड्या तुटतात असे मी म्हणणार नाही. म्हटले तर उद्या सकाळी दारावरची माझी माणसे मला हसतील.

यॉर्कला पोचल्यावर वूलमनला देवी आल्या. ७ ऑक्टोबर १७७२ रोजी, बावन्नावे वर्ष पुरे होण्याआधी, तो गेला. मरणापूर्वी त्याने सूचना देऊन ठेवली होती. पेटी ॲश लाकडाची, साधी. अंगाभोवती स्वस्त फ्लॅनेल. आणि पेटीचा, फ्लॅनेलचा व खड्डा खणणाऱ्याच्या मजुरीचा खर्च आपल्या अंगावरच्या कपड्यांतून भागवावा.